पेजवरची संगिता

आगर, डहाणू
९ जानेवारी २०२५

संगिता,

फोन लागत नाही. मेसेजवर एकच टिक येते, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. सिल्वासातला तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे झरीच्या घरी, तुझ्या आईकडे टाकते आहे. रूपीमावशी तुझ्याकडे पोचवतील.

आधी कामाचं. बोर्डीच्या प्रितेशभाईंच्या होमस्टेचा बुकिंगचा पासवर्ड तू बदललास का? जुना चालत नाही. त्यांना मी सांगितलंय की साइटवर बिघाड आहे. अजून एक-दोन दिवस ते थांबतील. खोल्यांच्या तक्त्यात तू पिवळ्या रंगाने काय खूण करायचीस, तेही कळव. मला वाटतं, ज्यांनी ॲडव्हान्स दिलेला नाही ते पिवळे. पण नक्की नाही.

इथे सगळं चालू आहे. सकाळी नऊला लॅपटॉप उघडते, सहाला मिटते. मंगळवारची पोस्ट गेली, शुक्रवारची तयार आहे. जतीनने दोनदा विचारलं, संगिता कधी येणार? मी सांगितलं, तिच्या आईला बरं नाही. सासूबाईंनी मावशींसाठी चिकू काढून ठेवले होते, ते मऊ पडले.

तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे. त्यावरचं वाक्य माझं नव्हतं, एडिटिंग करणाऱ्या मुलीने घातलं होतं, हे मी तुला तेव्हाही सांगितलं. तुला तो काढलेलाच हवा होता ना? मग आता अडचण काय आहे?

एवढ्यावरून कोणी दोन वर्षांचं काम सोडून कंपनीत पॅकिंगला जात नाही.

पासवर्डचं तेवढं कळव.

नूतन

*

आगर
२७ जानेवारी

संगिता,

उत्तर नाही. पासवर्ड मीच नवीन करून घेतला.

मागच्या पत्रात मी तुला दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. पहिली, व्हिडिओ काढला म्हणून. तेव्हा काढलेला नव्हता. परवा काढला. रोज सकाळी उघडून किती जणांनी पाहिला ते बघायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. परवा काढला तेव्हा वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. मग चहा केला.

दुसरी, ते वाक्य. ‘चिमणीच्या उजेडातून लॅपटॉपपर्यंत. या घरात आजही वीज नाही.’ हे मी लिहिलं. एडिटिंगवालीने फक्त अक्षरं मोठी केली.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा ओळीने लिहायचं आहे. डोक्यात ते ओळीने राहत नाही.

रिसॉर्ट बंद झालं तेव्हा आपण दोघी एकाच दिवशी घरी बसलो. रिसेप्शनवर मी बोलायचे, तू लिहायचीस. मीच तुला म्हटलं की हेच काम घरून करू, लोकांचे फोन, मेल, बुकिंग. याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. जतीन हसला होता, ‘म्हणजे नोकरी आहे पण ऑफिस नाही?’ तू मावशींना फार सोपं करून सांगितलं होतंस, ‘मालक लांब, काम इथं.’

पहिले आठ महिने मी पेजवर काय काय टाकलं! कपबशीशेजारी ठेवलेला लॅपटॉप. ‘तुमचा वेळ वाचवा.’ ‘आम्ही कॅलेंडर सांभाळतो, मेल सांभाळतो.’ नातेवाइकांनी लाइक दिले. काम कोणी दिलं नाही. मी रोज म्हणायचे, अजून जास्त टाकायला हवं, दिवसातून दोनदा टाकू.

तू एक दिवस वैतागून म्हणालीस, ‘ताई, आपण काय करतो ते कोणाला वाचायचं नाहीये. मालकाचं काय चुकतंय ते लिहा ना.’

आणि तूच लिहिलंस. शनिवारी एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाते, ती कशी. एक बुकिंग फोनवर होतं, दुसरं साइटवर, आणि दोन्ही मालकाच्या डोक्यात असतात. त्याखाली तू कोऱ्या तक्त्याचा फोटो लावलास, हा फुकट घ्या, भरा, म्हणून. त्या एका पोस्टवर तीन होमस्टेवाल्यांनी विचारणा केली. प्रितेशभाई त्यातलेच. मग आपण ठरवलं, सगळ्यांसाठी काहीच लिहायचं नाही, फक्त छोट्या होमस्टेवाल्यांसाठी लिहायचं. आठवड्यात दोनदा. कमेंटला त्याच दिवशी उत्तर. दर महिन्याला एखादं काम यायचं. हळूहळू, पण यायचं.

मला ते हळूहळू नको होतं. सगळीकडे सांगत होते की चेहरा दाखवा, स्वतःची गोष्ट सांगा, मग लोक विश्वास ठेवतात. मी माझ्या गोष्टीकडे पाहिलं. चिकूची वाडी, जतीनशी लग्न, त्याचं घर, खाली टाइल्स. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी तुझा व्हिडिओ काढायला तुझ्या घरी आले.

अजून एक कबूल करायचं आहे. तू गेल्यापासून नवीन लोकांना मी ‘संगिता’ म्हणूनच मेल पाठवत होते. सगळ्यांना संगिताशीच बोलायचं असतं. कॉलवर आवाज जरा हळू केला की झालं. सात कॉल केले. कोणाला शंका आली नाही. हेही परवापासून बंद केलं.

नूतन

*

आगर
१६ फेब्रुवारी

संगिता,

काल जतीन चिकूचे क्रेट घेऊन तलासरीला गेला होता. आला तो जेवायला बसला नाही. हात धुऊन माझ्यासमोर उभा राहिला.

‘संगिताच्या आईला काय झालंय म्हणालीस?’

‘बरं नाही त्यांना.’

‘चांगल्या आहेत. नाक्यावर भेटल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारी झरीचा एकजण होता, तो म्हणाला, हीच ती, घरात लाईट असून नाही म्हणणारी.’

मी म्हटलं, ‘लोक काहीही बोलतात.’

‘नूतन, लोक नाही. तू बोललीस. मी तो व्हिडिओ आज पाहिला. कोणीतरी दुसरीकडे टाकलाय, अजून फिरतोय.’

त्याने ताट पुढे ओढलं आणि जेवला. माझ्याशी तेव्हापासून कामापुरतं बोलतो.

सौर दिव्यांची गोष्ट मला माहीत होती. तुला वाटतं तेवढी ती मला नवीन नव्हती. तो दिवा देणाऱ्या संस्थेची माणसं व्हिडिओ बघून आधी पेजवर माझ्याशीच बोलली. म्हणाली, या ताईंच्या घरी दिवा द्यायचा आहे, पत्ता द्या. घरात मीटर आहे हे तेव्हाच सांगता आलं असतं. मी पत्ता दिला. मला वाटलं, त्यांच्या पेजवर आपलं नाव येईल.

ते बॅनर घेऊन आले. मावशींनी त्यांना चहा दिला. हातात दिवा देऊन फोटो काढला. मावशींना वाटलं, सगळ्या पाड्याला देत आहेत. एकच दिवा होता. फोटोखाली लिहिलं, वीज नसलेल्या घरात पहिला उजेड. पाड्यातल्या ज्यांच्याकडे खरंच मीटर नाही ते मावशींना विचारायला आले, की तू काय सांगून घेतलास? हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवतं. मी म्हणाले, ‘दोन कामं पक्की व्हायची आहेत, आठवडाभर थांब, मग काढते.’

त्या फोनच्या आदल्या दिवशी तू इथे बसून मुंबईच्या एका गृहस्थाच्या कॉलवर होतीस. मी शेजारी बसले होते. तू कामाचं सांगायला लागलीस तेव्हा ते म्हणाले, ‘ते राहू दे बेटा, आधी तुझी झोपडी दाखव.’ तू माझ्याकडे पाहिलंस. भात झोडायला घरी गेलीस त्या चार दिवसांत मी तो व्हिडिओ टाकला होता आणि तू पेज उघडलं नव्हतंस. तिथे तुला कळलं. तू त्यांना म्हणालीस, ‘सर, मी बी.कॉम. आहे, बुकिंगचं काम करते, त्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा.’ ते म्हणाले, ‘वा, किती कॉन्फिडन्स आहे.’

मी तेव्हा हसले. तोंड हसतं ना कॉलवर, तसं.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

व्हिडिओ काढला त्या संध्याकाळी लाईट गेली नव्हती. तू विहिरीवर गेली होतीस. मावशी मागे चुलीपाशी होत्या. दाराजवळच्या पेटीतला मेन स्विच मी खाली केला. पंखा थांबला. मावशी आत आल्या, बटण खालीवर करून बघितलं. म्हणाल्या, ‘बघ ना पोरी, पाहुणी आली नि लाईट गेली.’ आणि माझी माफी मागितली. माझी. मग त्यांनी फळीवरून चिमणी काढली, काच पुसली, पेटवली, तू आल्यावर तुझ्या लॅपटॉपजवळ आणून ठेवली. तू म्हणालीस, बॅटरी आहे, दहा मिनिटांत आवरू. मी शूट केलं. निघताना स्विच वर केला. मावशी म्हणाल्या, ‘आली एकदाची.’

हे मी जतीनलाही सांगितलेलं नाही.

लिहून झालेलं एकदा वाचून बघितलं. अक्षर नेहमीसारखंच आलं आहे.

नूतन

*

आगर
४ मार्च

संगिता,

आज दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मला वाटलं, कामाची चौकशी. मी कामाच्या आवाजात हॅलो म्हटलं.

‘नूतनताई का? मी तुळशी. झरीच्या अंगणवाडीत असते. रूपीबाईंच्या शेजारी.’

‘बोला ना.’

‘तुमची पत्रं मी वाचते.’

मला समजलं नाही. मी विचारलं, कोणती पत्रं?

‘संगिताच्या नावाने आलेली. रूपीबाईंना वाचता येत नाही. पहिलं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, पोरीचं काही काम असेल, वाच, मग तिला फोनवर सांगू. मी वाचलं. दुसरं पण वाचलं. तिसरं परवा वाचलं.’

 तिकडे पोरांचा आवाज येत होता, गाणं चाललं होतं.

‘पहिल्या दोन वेळेला त्यांनी मध्येच थांबवलं, परत वाच म्हणाल्या. तिसरं त्यांनी एकदाच ऐकलं. मग विचारलं, म्हणजे लाईट गेलीच नव्हती? मी म्हटलं, असं लिहिलंय. त्यांनी कागद हातात घेतला. म्हणाल्या, मी तिला चहात साखर जास्त घातली होती. घरात पाहुणी अंधारात बसली म्हणून.’

संगिता, म्हणजे हे सगळं तुला अजून मिळालेलंच नाही. मी दोन महिने जे तुला लिहीत होते ते मावशी ऐकत होत्या.

मी तुळशीताईंना म्हटलं, त्यांना सांगा, मी माफी मागते. त्या म्हणाल्या, ‘ते मी विचारलं. रूपीबाई म्हणतात, कागदावर नको. इथं येऊन, सगळ्यांसमोर. रविवारी लोक घरी असतात. होळी झाल्यावर ये म्हणावं.’

तुळशीताईंनी तुझा सिल्वासाचा पत्ता दिला. तुला विचारून दिला म्हणाल्या. हे पत्र थेट तुला येईल. आधीची तीनही त्या मावशींच्या हातून पाठवणार आहेत, म्हणजे तुला ती उलटी मिळतील, हे आधी आणि ती नंतर.

मी जाणार आहे.

नूतन

*

आगर
२४ मार्च

संगिता,

काल झरीला जाऊन आले.

जतीन सोडायला येतो म्हणाला. मी नको म्हटलं. तलासरी नाक्यापर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा. रिक्षात एक बाई म्हणाली, कोणाकडे? रूपीमावशींकडे म्हटलं तर ती बाहेर बघायला लागली.

तुळशीताई रस्त्यावर उभ्या होत्या. अंगणात पंधरा-वीस माणसं असतील. बायका भिंतीला टेकून, पुरुष बाजेवर. मावशी दारात बसल्या होत्या. मी वाकले तर म्हणाल्या, ‘ते मागनं. आधी बोल.’

मी बोलले. तुला लिहिलं त्याच क्रमाने. काम हवं होतं म्हणून व्हिडिओ केला. स्विच मी खाली केला. वीज नाही असं मी लिहिलं. दिव्यासाठी पत्ता मी दिला. मावशींनी कोणाला काही सांगितलं नाही, मागितलं नाही. मला वाटलं होतं मध्येच रडू येईल आणि मग सोपं होईल. नाही आलं. प्रितेशभाईंना महिन्याचा हिशोब सांगते तसा माझा आवाज होता.

तो म्हातारा काकड्या आहे ना, तुमच्या पलीकडच्या घरातला, त्याने विचारलं, ‘स्विच तूच पाडला?’

‘हो.’

‘रूपीला ठावं नव्हतं?’

‘नव्हतं. त्यांना वाटलं लाईट गेली.’

‘तुझ्या घरी लाईट आहे?’

‘आहे.’

‘मग तुझ्याच घरचा पाडायचा ना.’

कोणी हसलं नाही. त्यालाही हसवायचं नव्हतं.

एक तरुण बाई म्हणाली, ‘तीन महिने आम्ही रूपीला नको ते बोललो. आता तिला काय म्हणायचं?’  काकड्या म्हणाला, ‘काही म्हणायचं नाही. गप राहायचं.’ मग माणसं एकेक करून उठली. मोहाची फुलं वेचायची होती, कोणाला बाजार होता. जाताना ती बाई मावशींजवळ थांबली, त्यांच्या पदराला लागलेला पाला काढला आणि गेली. त्या दोघींत तेवढंच झालं.

मला चहा विचारला नाही. ते बरोबरच होतं.

मी निघायला लागले तर मावशी म्हणाल्या, ‘फोन आणलास ना? माझा काढ.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुळशीताई म्हणाल्या, व्हिडिओ म्हणतात.

मावशींनी तोंड धुतलं नाही, साडी बदलली नाही. दाराबाहेर उजेडात उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघू की फोनकडे, विचारलं. फोनकडे म्हटलं.

‘मी रूपी. झरीची. संगिता माझी मुलगी. ती शिकलेली आहे, काम करते, कामाचे पैसे घेते. आम्ही कोणाकडं दिवा मागितला नाही. दिवा अंगणवाडीत दिला आहे, कोणाचा असेल त्याने घेऊन जावा.’ थोडं थांबल्या. ‘एवढंच.’

मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘दाखव.’ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना ओठ हलत होते.

‘नीट आला?’

‘नीट आला.’

‘मग आता तू जा. गाडी चुकेल.’

व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. एक्केचाळीस सेकंदांचा. कुठेही टाकलेला नाही, कोणाला दाखवला नाही, जतीनलाही नाही. मावशी तो टाक असंही म्हणाल्या नाहीत, टाकू नको असंही नाही. पेजवर टाकला तर खरी गोष्ट लोकांना कळेल. नाही टाकला तर जुना फिरतोय तो फिरत राहील. आधी मी हे माझं मीच ठरवलं असतं.

तू सांग. तू सांगेपर्यंत तसाच राहील.

प्रितेशभाईंना मी खरं सांगितलं आहे, की त्यांचं सगळं काम पहिल्यापासून तू करत होतीस. ते म्हणाले, ‘मग तुमचं काम काय होतं?’ मी म्हटलं, पेज.

नूतन

*

सिल्वासा
१५ एप्रिल २०२५

नूतनताई,

सगळी पत्रं मिळाली. महालक्ष्मीच्या यात्रेसाठी घरी गेले होते. आईबरोबर विवळवेढ्याला जाऊन आले. तिथे पाड्यातल्या तीन-चार जणींनी आईला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. तेवढं सांगते.

तो व्हिडिओ टाकू नका. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी तुमच्याकडून ऐकलं. आईला तो स्वतःसाठी हवा होता, लोकांसाठी नाही. तुळशीताईंच्या फोनवर पाठवा आणि तुमच्याकडचा पुसून टाका. पुसल्याचं मला कळवायची गरज नाही.

तुम्हाला काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला काय वाटावं हे मला कळलं नाही. त्यावर मी काही लिहीत नाही.

पिवळी खूण म्हणजे ज्यांनी लहान मुलं आणणार असं सांगितलंय ते. त्यांना वरच्या मजल्याची खोली द्यायची नाही, कठडा बुटका आहे. ॲडव्हान्सचा रंग वेगळा आहे. एवढे महिने तुम्ही ते चुकीचं धरलं असेल तर आधी ते बघा. मे महिन्यात तिथे गर्दी असते.

मी महिनाअखेर कंपनी सोडते आहे. माझं वेगळं पेज सुरू केलंय. त्यावर माझा फोटो नाही, घराचा नाही. दर बुधवारी एक पोस्ट. आतापर्यंत सहा झाल्या. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी त्याला कोणते चार मेसेज पाठवायचे, हे मागच्या बुधवारी लिहिलं. फार लोकांनी पाहिलं नाही. तुमच्या ओळखीच्या कोणाला माझ्याकडे पाठवू नका.

काल केळव्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या चार खोल्या आहेत. म्हणाल्या, ते चार मेसेज मी पाठवून बघितले, उपयोग झाला. मग विचारलं, शनिवार-रविवारी फोन उचलता का? मी म्हटलं, उचलते. कधीपर्यंत? मी म्हटलं, संध्याकाळी सातपर्यंत. त्या म्हणाल्या, चालेल, एक तारखेपासून सुरू करू.

मी कुठली, घर कसं आहे, घरी कोण, त्यांनी काही विचारलं नाही. मी थोडा वेळ फोन कानाला धरून थांबले होते, विचारतील म्हणून. त्यांनी ठेवून दिला होता.

संगिता